मुळेचे पाणी कोणत्या रंगाने रंगवावे

नदीवरचे भित्तिचित्र म्हटले की पहिला वाद निळ्या रंगावरून होतो. पुण्यात मुळा-मुठा संगमाच्या अलीकडे, मुळेकाठच्या एका लांबलचक भिंतीवर नौकानयन आणि नदीचे जीवन चितारण्याचे काम आम्हा काही चित्रकारांकडे आले, तेव्हा खर्च उचलणाऱ्या मंडळींनी दाखवलेल्या नमुन्यांत पाणी निळेशार होते. मुळा मात्र पावसाळ्यात चहासारखी गढूळ असते आणि एरवी काळपट हिरवी. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या बंडगार्डनच्या बंधाऱ्याने पाणी अडते, म्हणूनच येथे बारा महिने नाव चालवता येते आणि त्याच तुंबण्याने पाण्याला तो हिरवा रंगही येतो. तेव्हा निळा डबा बाजूला ठेवून आम्ही ऑक्साइड हिरवा, अंबर हा मातकट तपकिरी रंग आणि गेरू एवढ्यावरच पाणी उभे केले. हे खनिज रंग उन्हात लवकर विटत नाहीत, हा फायदा वेगळाच.

भिंतीच्या तयारीविषयी फार सांगण्यासारखे नाही. तारेच्या ब्रशने खरवडणे, भेगा बुजवणे, प्राइमर लावणे आणि चौकटी आखून रेखाटन मोठे करणे, हे सगळीकडे सारखेच असते. भिंत पश्चिमाभिमुख असल्याने दुपारनंतर ती इतकी तापत असे की रोलर फिरवता फिरवताच रंग सुकायचा, त्यामुळे परांचीवरचे काम सकाळीच उरकावे लागे.

खरा कस लागला तो नौकांपाशी. याच पाण्यावर अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब आहे आणि तेथील विद्यार्थ्यांचा वार्षिक ‘रेगाटा’ हा नौकानयनाचा सोहळा पाहत पुणेकरांच्या पिढ्या वाढल्या आहेत. म्हणजे आमचे चित्र जाणकारांच्या नजरेखालून जाणार होते. सिंगल स्कल ही एकट्याने वल्हवायची नौका आठ मीटरांहून थोडी अधिक लांब असते, पण तिची रुंदी जेमतेम एक फूट असते आणि बाजूने पाहिल्यास पाण्यावर वीतभरच दिसते. ती मूळ आकारात रंगवायची असे ठरवल्यावर संपूर्ण चित्राची मांडणी त्या एका आडव्या रेषेने ठरली. वल्हवणारा खेळाडू नौका जाते त्या दिशेला पाठ करून बसतो, ही गोष्ट हौशी चित्रांत हमखास चुकते. कारण समोर तोंड करून नाव हाकणाऱ्या नावाड्याची ओळखीची प्रतिमा हाताला सवयीची असते. आम्ही वल्हे पाण्यात शिरण्याचा क्षण निवडला: गुडघे छातीशी आलेले, हात सरळ ताणलेले, सरकती बैठक पायांपाशी पोहोचलेली. प्रत्येक फटक्यानंतर वल्ह्याच्या पात्याने पाण्यावर एक छोटा भोवरा उठतो आणि नौकेच्या मागे दोन्ही बाजूंना त्यांची रांग उरते. नौकेचा वेग दाखवायला तेवढे भोवरे पुरले, लाटा काढाव्या लागल्या नाहीत.

चेहरा कोणाचा, हा प्रश्न निघाला तेव्हा बहुतेकांच्या मनात दत्तू भोकनळ यांचे नाव होते. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या दुष्काळी गावातून लष्करात आलेल्या या तरुणाने तेथे वल्हे हाती धरले आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कलमध्ये 13 वे स्थान मिळवले. परंतु हुबेहूब चेहरा काढला की भिंतीचा फलक होतो, असे माझे मत पडले आणि खेळाडू अनामच राहिला.

माशांवरून झालेला वाद मात्र अजून मिटलेला नाही. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्गअभ्यासक कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये ‘खुद्री’ या महाशीर जातीच्या माशाचे शास्त्रीय वर्णन मुळा-मुठेतल्या माशांवरूनच केले होते. आज येथे गळाला चिलापी, म्हणजे बाहेरून आलेला तिलापिया मासा लागतो. माझा आग्रह महाशीर काढण्याचा होता आणि सहकाऱ्यांचा, जे आहे तेच दाखवण्याचा. शेवटी नौकेखालच्या गडद पट्ट्यात महाशीर नुसत्या बाह्यरेषेने आला आणि चिलापी पूर्ण रंगांत. काठावर शेकाट्या हे लांब पायांचे पाणपक्षी आहेत. घाण पाण्यात त्यांची चंगळ होते, हे पक्षीनिरीक्षकांच्या लगेच लक्षात येईल. जलपर्णीही आहे, तिची जांभळी फुले कितीही देखणी दिसली तरी वल्ह्याला अडकलेली.

तळाचा दोन फुटांचा भाग ओल आणि पुराचा गाळ गृहीत धरून अ‍ॅक्रिलिकऐवजी चुन्यात रंग मिसळून केला आहे. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, त्यामुळे पापुद्रे सुटत नाहीत, मात्र तो दर पावसाळ्यानंतर पुन्हा द्यावा लागतो. हे काम आम्ही अंगावर घेतले आहे. त्याचे पैसे अद्याप कोणी कबूल केलेले नाहीत.