चोरी आधीच झालेली

रविवार, रात्री पावणेबारा

मन्याकडून आत्ता आले. कर्वे रोडला रिक्षा पटकन मिळाली पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच, झोप काही येणार नाहीये.

ओशन्स ट्वेल्व्ह बघितला सगळ्यांनी, तो चोरांच्या टोळीचा इंग्लिश पिक्चर. मीच सुचवलेला. त्याच्या आधीचा ओशन्स इलेव्हन आम्ही सहाजणांनी कॉलेजात असताना बघितलेला, सम्या शेवटी अक्षरशः उठून टाळ्या वाजवत होता, त्यामुळे म्हटलं हा त्याचाच पुढचा भाग, २००४ चा, दिग्दर्शक तोच सोडरबर्ग, क्लूनी, पिट, डेमन, ज्युलिया रॉबर्ट्स आहेतच, वर कॅथरीन झीटा-जोन्स, मजा येईल. नाही आली. मन्या मध्येच झोपला.

मला राग कसला आलाय तर, दोन तास आपण जीव मुठीत धरून बघतो, संग्रहालयातलं ते मौल्यवान रत्नजडित अंडं चोरायला टोळीचा इतका खटाटोप, ज्युलिया रॉबर्ट्सने स्वतः ज्युलिया रॉबर्ट्स असल्याचं नाटक करायचं, तिथे नेमका ब्रूस विलिस येऊन टपकतो, आणि शेवटी कळतं की खरं अंडं यांनी आधीच ट्रेनमध्ये बॅग बदलून उचललंय. मग आपण काय बघत होतो? इलेव्हनमध्येही फसवतातच की, पण तिथे कॅसिनोच्या तिजोरीची ती खोटी नक्कल आपल्याला आधी दाखवलेली असते, सरावासाठी बांधली म्हणून. उत्तर आपल्यासमोरच असतं आणि आपल्याला दिसत नाही, म्हणून तर फसल्याचा आनंद होतो. इथे दाखवलंच नाही. त्यांचं त्यांचं ठरलेलं, आपण नुसते बाहेर बसलेले.

टोळीशी पैज लावलेला तो फ्रेंच चोर लेझरच्या किरणांमधून नाचत जातो ना, मला तो सीन फार आवडला. किती सुंदर नाचतो तो. आणि सगळं खोट्या अंड्यासाठी.

पिक्चर चालू असतानाच वैदेही म्हणाली, हंपीच्या हॉटेलचे पैसे कोणी भरले? आणि सम्याने तिच्याकडे बघितलं. बस, तेवढंच. मग कळलं की डिसेंबरचं ठरलंय, तिकिटं काढून झालीत, वेगळा ग्रुप आहे. मी महिनाभर आपल्या ग्रुपवर विचारतेय कुठे जायचं, होमस्टेच्या लिंका टाकतेय, सगळे त्यावर लाइकचे अंगठे टाकतायत. तुला सुट्टी मिळत नाही ना, म्हणून नाही विचारलं, असं मन्या म्हणाला.

नाही घेतलं याचं वाईट वाटलंच, पण ते समजू शकते. ते अंगठे मात्र नाही समजत. ठरलं होतं तर लिंका का टाकू दिल्या?

आईला काय सांगू, तिला वाटतंय मी जातेय. असो.

आता जरा शांत बसून आठवलं तर अलिबागला मी आदल्या रात्री नाही म्हटलेलं. दापोलीलाही. दोन्ही वेळा कारण खरं होतं, पण गाडीचे पैसे त्यांनीच भरले आणि मला कोणी मागितले नाहीत. सांगायला अवघड गेलं असेल त्यांनाही. सांगायला हवं होतं तरी.

सम्याचा मेसेज आलाय, पोचलीस का. जुन्या ग्रुपवरच, सहाजणांच्या. पोचले म्हणून टाकलंय.