बीएसए की इशापूर: काजळाने दाखवलेली जागा

मंडळी, माझ्याकडच्या दोन जुन्या रायफलींपैकी, बर्मिंगहॅमची बीएसए आणि बंगालातल्या इशापूर कारखान्याची २ए१, कोणती ठेवायची हे ठरवायला मी त्यांची तुलना करतोय. मागच्या वेळी लिहिलं तेव्हा १९१७ ची बीएसए, म्हणजे .३०३ काडतुसाची ब्रिटिश ली-एनफील्ड (एसएमएलई), विकायचं जवळजवळ ठरलं होतं. आज तो बेत रद्द. काल सकाळी शंभर यार्डांवर, उघड्या साइटने, बाकावर टेकवून दहा गोळ्या पावणेतीन इंचांत बसल्या. गेले सात महिने हीच रायफल सहा-साडेसहा इंचांचा उभा पट्टा काढत होती. टार्गेट घरी आणून भिंतीला लावलंय.

दुखणं तुम्हाला माहीत आहेच. पहिल्या तीन गोळ्या गुण्यागोविंदाने एकत्र, चौथीपासून एकेक वर चढत जायची. नळी तापते म्हणून असं होतं, असं मी धरून चाललो होतो. काडतुसं बदलली. सर्बियाचं प्रीव्ही पार्टिझन, १७४ ग्रेन वजनाच्या गोळीचं, मला आजही .३०३ साठी सगळ्यांत भरवशाचं वाटतं, आणि त्याच्या पितळी केस पुन्हा भरायलाही उत्तम. तरी पट्टा तसाच. नळीतलं तांबं काढलं, तोंडाची कड भिंगाखाली तपासली, नळीवरचं लाकडी हँडगार्ड कुठे घासतंय का पाहिलं. काही नाही.

मग हिवाळ्यात तळघरात रायफल पुसताना फोर-एंड, म्हणजे नळीखालचं पुढचं लाकूड, हाताला किंचित हललं. पुढचा ट्रिगर-गार्ड स्क्रू पूर्ण आवळलेला, तरी लाकूड हलतंय! इथे माझी ट्यूब पेटली. त्या स्क्रूभोवती एक छोटी धातूची नळी, कॉलर, असते. स्क्रू कितीही आवळला तरी लाकूड चिरडू नये, यासाठी ती. पण शंभर वर्षांत लाकूड आटलं, आणि ओहायोतल्या घरात हिवाळाभर चालणाऱ्या हीटरने आणखी आटलं, की कॉलर लाकडापेक्षा लांब ठरते. स्क्रू कॉलरवर घट्ट बसतो, लाकूड मात्र मोकळंच. कॉलर कानशीने इतकी कमी घासली की कागदाच्या दोन घड्यांएवढा फरक पडला. हलणं थांबलं. पट्टा साडेसहावरून पाचावर आला. आनंद झाला, पण रोग तोच होता.

खरी जागा सापडली ती काजळाने. जुने आर्मरर लाकूड बसवताना धातूला तेलात कालवलेलं काजळ लावत, आणि लाकडावर जिथे डाग उमटेल तिथेच धातू टेकतोय असं ओळखत. मी तुपाच्या निरांजनावर वाटी धरून काजळ धरलं, आईने शिकवलं होतं तसंच, आणि रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या भागाच्या) खालच्या बाजूला बारीक थर दिला. फोर-एंड बसवलं, स्क्रू आवळले, पुन्हा उघडलं. उजव्या ड्रॉवर काळाकुट्ट ठसा. डाव्यावर एक ठिपका नाही.

ड्रॉज म्हणजे सीअर लगच्या (रिसीव्हरखालच्या उंचवट्याच्या) मागे लाकडात कोरलेल्या त्या दोन तिरप्या भिंती. बार झाल्यावर रिसीव्हर मागे येतो, तेव्हा फोर-एंडवर येणारा धक्का त्या झेलतात. माझ्या रायफलचा एकच खांदा भार घेत होता. प्रत्येक गोळीगणिक रिसीव्हर केसभर कलत होता, नळी खाचेत जागा बदलत होती, आणि नोज कॅपमधला (पुढच्या टोकाच्या धातूच्या टोपीतला) स्प्रिंगवाला स्टड तिला दर वेळी वेगळ्या ठिकाणाहून वर ढकलत होता. डावी भिंत तेल पिऊन इतकी मऊ झाली होती की नखाने कुरतडता यायची. आधीच्या मालकाने बोल्टचं तेल वर्षानुवर्षं मागे झिरपू दिलं असणार. शिवाय फोर-एंडच्या मागच्या टोकाला एक जुनी चीर चिकटवलेली आहे. कोणीतरी फोर-एंड न काढताच बटचा, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या लाकडाचा, बोल्ट फिरवला होता. नव्यांनी लक्षात ठेवा: एसएमएलईवर आधी फोर-एंड, मगच बट. त्या बोल्टचं चौकोनी टोक फोर-एंडमधल्या पट्टीत अडकलेलं असतं, फिरवलं की लाकूड फाटलंच.

पहिला उपाय म्हणून पत्र्याची पट्टी घातली. वीस गोळ्यांत ती दबून वाकडी झाली. दुसऱ्यांदा मऊ लाकूड छिन्नीने काढलं आणि मेपलचा तुकडा घट्ट बसवला, त्याच्या रेषा धक्क्याच्या दिशेने ठेवून. आडव्या रेषांचं लाकूड चेपतं, उभं टोक चेपत नाही. इपॉक्सीला पूर्ण चोवीस तास दिले. मग पुन्हा काजळ, पुन्हा छिन्नी, पुन्हा काजळ. एकूण एकोणीस वेळा. एकोणिसाव्याला दोन्ही भिंतींवर सारखा ठसा आला, तेव्हा मी बायकोला तळघरात बोलावून तो दाखवला. मागचं टोक बट-सॉकेटला भिडू नये म्हणून तिथे बारीक फटही ठेवलीय.

लाकडाला फक्त कच्चं जवसाचं तेल, हाताने चोळून. हार्डवेअरच्या दुकानात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळतं त्यात सुकवणारी रसायनं असतात, मला ती जुन्या अक्रोडावर नकोत. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, पसरून वाळवा. बोळा केला तर आपोआप पेट घेऊ शकतात.

आता मूळ प्रश्न. मी ही तुलना सुरू केली ती बीएसए ठेवू की १९६६ ची इशापूर २ए१, यासाठी. इथले दुकानदार २ए१ ला ‘परदेशी कॉपी’ म्हणतात, आणि बरेच जण ती .३०३ ला नवी नळी लावून केलीय असं समजतात. हे साफ चूक आहे, आणि मी ते दर वेळी सांगतो. १९६२ च्या युद्धानंतर इशापूरने ७.६२ काडतुसासाठी ही रायफल नव्याने, अधिक मजबूत पोलादात घडवली. मॅगझिन चौकोनी, बारा गोळ्यांचं. आधीच्या २ए ची मागची साइट २००० मीटरपर्यंत होती, २ए१ ला ८०० वर आणली. माझ्या २ए१ ने पहिल्या दिवसापासून काहीही त्रास दिलेला नाही. फोर-एंडमधून आडवा जाणारा तो इशापुरी स्क्रू कुणाला कुरूप वाटतो, मला तो शहाणपणाचा वाटतो. लाकूड फाटतं कुठे, हे वर्षानुवर्षं दुरुस्त्या करणाऱ्यांनाच कळतं.

म्हणून बीएसए सुधारली तर २ए१ विकायची, असा मूळ हिशोब होता. पण हे लिहिता लिहिता तो बदलतोय. एनसीसीत साताऱ्याच्या मैदानावर हुकूम ऐकून मी जी खांद्यावर घेतली, तिच्या बट-सॉकेटवर इशापूरचं नाव होतं आणि ती .३०३ होती. बीएसए ती नाही आणि २ए१ ही ती नाही. मला हवीय ती या दोघींच्या मधली: इशापूरने बनवलेली नंबर १ मार्क ३*. स्वातंत्र्याआधीच्या रायफलींवर मुकुट आणि खाली जीआरआय, म्हणजे राजाची आद्याक्षरं. नंतरच्यांवर अशोकस्तंभाचे सिंह आणि आरएफआय, म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर. मुकुटवाली मिळाली तर एकाच वर्गातल्या दोन .३०३, एक बर्मिंगहॅमची आणि एक इशापूरची, एकाच प्रीव्हीच्या पेटीतून शेजारी शेजारी चालवता येतील. खरी तुलना तीच होईल. ७.६२ आणि .३०३ एकमेकांशेजारी ठेवून मी आजवर काडतुसांचीच तुलना करत होतो.

तासाभराच्या अंतरावरच्या एका दुकानात १९४३ ची जीआरआय आहे. फोटोत लाकूड काळवंडलेलं दिसतंय, म्हणजे तेल मुरलेलं असणार. दुकानदाराला फोन करून विचारलं, फोर-एंड काढून ड्रॉज पाहू देशील का? तो हो म्हणालाय. शनिवारी जातोय, योग्य मापाचे स्क्रूड्रायव्हर, .३०३ ची हेडस्पेस गेज (बंद बोल्टपुढे काडतुसाला किती जागा उरते ते मोजणारं माप) आणि काजळाची डबी घेऊन. बोल्टचा नंबर रिसीव्हरशी जुळतोय का, हे सगळ्यात आधी बघेन. २ए१ चा निर्णय त्यानंतर. तोवर ती कपाटातच.