मैनेचा उजवा पाय

आमच्या तबेल्यातले निम्म्याहून जास्त घोडे आमचे नाहीत. मालक कोथरूडला, पिंपरीला, एकदोघे तर मुंबईत. घोडा मात्र इथे, मुळशीच्या रस्त्याला, आमच्या ठाणात. मालक महिन्याचे पैसे देतात आणि चंदी-वैरण, खरारा, फिरवणं, नालबंदी, दुखलंखुपलं असं सगळं आमच्यावर सोपवतात. बाहेरच्या लोकांना हा पैसेवाल्यांचा शौक वाटतो. काहींचा असेलही. पण दोन खोल्यांचं भाडं निघेल एवढी रक्कम दरमहा घोड्यासाठी बाजूला काढून स्वतः पीएमपीच्या बसने येणारे मालकही मी पाहिले आहेत. मैनेची मालकीण त्यातलीच. कॉलेजात शिकवते. माझ्याकडेच घोड्यावर बसायला शिकली आणि शिकता शिकता या घोडीवर तिचा जीव जडला.

मैना थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीची. कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी रंग, कपाळावर चांद, मागचा डावा पाय पांढरा. शर्यतीत धावली, पुढे जिंकेनाशी झाली, तेव्हा तिच्या आधीच्या मालकाने ती विकायला काढली. रेसकोर्सवरून येणाऱ्या घोड्यांची एक अडचण हमखास असते, ती म्हणजे तळवे. खुराची भिंत पातळ, तळवा सपाट आणि नाजूक. गवताच्या, वाळूच्या ट्रॅकवर ते चालून जातं. आमच्याकडे पावसाने माती वाहून गेली की खालचा मुरूम उघडा पडतो आणि त्याचे खडे चांगलेच धारदार असतात.

आषाढातली गोष्ट. आठवडाभर पावसाने उसंत दिली नव्हती. पहाटे चंदी द्यायला गेलेल्या मामांनी मला हाक मारली. मामा आमचे मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, उभी हयात घोड्यांत गेलेली. ते उगाच हाक मारत नाहीत.

"ताई, मैना पुढचा उजवा टेकतच नाहीये."

मैना तीन पायांवर उभी होती. उजवा पाय पुढे काढलेला, खुराचं फक्त टोक भुशाला लागलेलं. मी तिला एक पाऊल मागे सरकवून पाहिलं, तर तिने अंग टाकल्यासारखं केलं आणि पाय उचलूनच धरला. मानेवर घाम, नाकपुड्या फुगलेल्या. आदल्या संध्याकाळी ही घोडी दोरीवर व्यवस्थित फिरली होती.

घोड्याचा पाय मोडणं म्हणजे काय, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर आणि त्यातलं साठेक टक्के वजन पुढच्या दोन पायांवर. त्याला महिनोन् महिने झोपवून ठेवता येत नाही. फार वेळ आडवं राहिलं तर स्वतःच्या वजनाखालीच स्नायू दाबले जातात. उभं ठेवलं तर चांगल्या पायावर दुप्पट भार येतो आणि त्या पायाच्या खुराच्या आतला, हाडाला भिंतीशी धरून ठेवणारा थर सुजून सुटायला लागतो. एक पाय वाचवताना दुसरा जातो. म्हणून मोठं हाड मोडलं की बहुतेक वेळा इंजेक्शन देऊन घोड्याला मोकळं करतात. शर्यतीच्या ट्रॅकवर हे घडताना मैनेच्या मालकिणीने एकदा पाहिलं होतं.

मामा तेवढ्यात म्हणाले, "मोडल्यासारखं नाही वाटत मला. चंदी चाटूनपुसून खाल्ली तिनं."

पुरावा म्हणून ते पुरेसं नाही. दुखण्यातही खाणारे घोडे असतात. पण मैना चोखंदळ आहे. भिजवलेल्या हरभऱ्यात कोंडा जरा जास्त झाला तरी तोंड फिरवते, आणि हे मामांइतकं कुणालाच माहीत नाही. मी त्यांचं बोलणं मनात ठेवलं आणि खाली बसून पायाला हात घातला.

गुडघ्यापासून खाली येताना सूज कुठेच नव्हती. घोट्याच्या मागच्या अंगाला दोन्ही बाजूंनी बारीक नाडी असते. निरोगी घोड्यात ती बोटांनी शोधावी लागते, कधी कधी सापडतही नाही. मैनेची नाडी बोट ठेवताच ठोके द्यायला लागली. डाव्या पायाला पाहिलं, तिथे जेमतेम लागत होती. खुरावर तळहात ठेवला. उजवा गरम, डावा गार. छातीचे ठोके मोजले तर मिनिटाला छप्पन्न भरले. विसाव्याला उभ्या घोड्याचे अठ्ठावीस ते चव्वेचाळीस असतात. ताप नव्हता.

मालकिणीला फोन केला. हे काम कितीही वर्षं केलं तरी सोपं होत नाही. घोड्याचं नाव आणि 'पाय' हे दोन शब्द एका वाक्यात आले की समोरच्याचा श्वास थांबल्याचं कळतं.

"मोडलाय का, ताई?"

"माहीत नाही अजून. डॉक्टर निघालेत. खुरात गरमी आहे, त्यामुळे मला खुराचंच काहीतरी वाटतंय. पण ते बघतील आणि मग सांगतील."

"तोवर तिला दुखायचं थांबेल असं काहीतरी द्या ना. प्लीज."

कपाटात फ्लुनिक्सिन होतं. मी दिलं नाही. डॉक्टरांच्या आधी वेदनाशामक दिलं की घोडा बरा चालू लागतो आणि दुखणं नेमकं कुठे आहे हे सापडत नाही. त्यातून हाडाला चीर असलीच, तर दुखत नाही म्हणून घोडा त्यावर भार टाकतो आणि चिरेचे दोन तुकडे होतात. हे तिला सांगितलं. ती काही बोलली नाही, पण रडत होती हे ऐकू येत होतं. घोडी डोळ्यांसमोर विव्हळते आहे, औषध हाताशी आहे आणि ते द्यायचं नाही, हे करण्यासाठीच आमच्यासारख्यांची गरज असते असं मला वाटतं. मालकाच्या हातून ते सहसा होत नाही आणि व्हावं अशी अपेक्षाही करू नये.

डॉक्टर नऊच्या सुमारास आले. खांद्यापासून सुरुवात करून प्रत्येक सांधा वाकवून, प्रत्येक हाड दाबून पाहिलं. कुठे करकर नाही, सूज नाही, दाबल्यावर ओढ नाही. मग खूर उचलून लांब दांड्याचा चिमटा घेतला आणि भिंत आणि तळवा त्याच्या दोन टोकांत धरून थोडं थोडं सरकत दाबत गेले. टाचेकडून सुरुवात केली तेव्हा काही नाही. बाजूला काही नाही. पुढच्या टोकाच्या जरा आतल्या बाजूला चिमटा आला मात्र, मैनेने पाय असा हिसकला की डॉक्टर भुशात बसले. ते उठून परत गेले. पुन्हा तीच जागा, पुन्हा तसाच हिसका.

"आत पू आहे, नव्वद टक्के," ते म्हणाले. "केसाएवढी चीर हाताला लागत नाही, म्हणून एक्स-रेचं मशीन सांगून ठेवतो. पण आधी नाल काढा."

नालबंद चाचांना फोन लावला. जुलै ते ऑक्टोबर हा पुण्यातल्या शर्यतींचा हंगाम. मुंबईचे घोडे तेव्हा इकडे आलेले असतात, आणि चांगला नालबंद मिळवणं म्हणजे नशिबाची गोष्ट. रेसकोर्सवरची सकाळची कामं उरकून चाचा भर पावसात स्कूटरवर आले तेव्हा अकरा वाजून गेले होते. तोवर मालकीणही पोहोचली. तास सोडून आली होती. चप्पल चिखलात रुतली तर ती तिथेच टाकून अनवाणी ठाणापर्यंत आली. मैनेने कान तिच्याकडे वळवले आणि हलकंसं खिंकाळली. त्या आवाजाने आम्हा सगळ्यांनाच बरं वाटलं.

मी तिला समजावलं. खूर म्हणजे कडक डबी. तळवा आणि भिंत जिथे जुळतात तिथे एक पांढरी रेघ असते, खुराच्या मानाने मऊ. पावसात ओला-सुका होऊन खूर फुगतो, नरम पडतो, एखादा खडा त्या रेघेत घुसतो आणि त्याच्यामागून जंतू. आत पू होतो. अंगावर गळू झालं तर कातडी ताणते, इथे ताणायला जागाच नाही. नखुर्डं झालेल्या माणसाला विचारावं काय होतं ते. इथे तर त्या नखावर सगळ्या शरीराचं वजन.

"म्हणजे कायमचं झोपवावं लागणार नाही ना?" तिने विचारलं. सकाळपासून हा प्रश्न तिच्या तोंडात होता.

"आज तसं काही दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. घोड्याच्या बाबतीत कुणी याहून पक्कं बोललं तर मीच त्याच्यावर विश्वास ठेवत नाही.

चाचांनी नाल काढायची पद्धत बघण्यासारखी असते. एरवी खिळ्यांची वळलेली टोकं सरळ करून जंबुराने नाल एका दमात उचलतात. आज त्यांनी एकेक खिळा वेगळा ओढला, आणि प्रत्येक खिळा काढल्यावर तो नाकाशी नेऊन हुंगला. खिळा चुकून नाजूक भागाजवळ गेला असेल आणि पू त्यामुळे झाला असेल, तर त्या खिळ्याला वास येतो. सगळे खिळे कोरडे, स्वच्छ निघाले. स्वतःच ठोकलेले खिळे चाचा सर्वांसमोर असे तपासत होते, आणि सगळे झाल्यावर त्यांनी ते ओळीने डॉक्टरांच्या हातावर ठेवले. त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या दिवशी फार वाढला.

मग वाकड्या टोकाची सुरी. तळव्याचा वरचा थर पापुद्र्यांनी निघत गेला, आणि पांढऱ्या रेघेत एक काळा ठिपका दिसला. मोहरीपेक्षा लहान. चाचा त्याच्या मागे मागे गेले. ठिपक्याची काळी रेघ झाली आणि आत शिरत राहिली. पू मात्र येईना. आता इथे घाई करणारा माणूस नुकसान करतो. आणखी खोल गेलं आणि जिवंत भाग उघडा पडला तर तो भोकातून बाहेर फुगून येतो, मग आठवड्यांचं काम महिन्यांवर जातं. चाचांनी सुरी थांबवून डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान हलवली. इथपर्यंत पुरे, पुढचं काम पोटीस, म्हणजे गरम लेप, करेल.

रुंद घमेल्यात सोसेल इतकं गरम पाणी आणि त्यात एप्सम मीठ. मामांनी मैनेचा खूर त्यात वीसेक मिनिटं धरून ठेवला. कंबर धरून येते अशा अवस्थेत, एकदाही न हलता. नंतर गरम कोंड्याचं पोटीस, त्यावर लहान बाळाचं डायपर आणि वरून रुंद चिकटपट्टीचे वेढे. डायपर बघून मालकीण त्या दिवसात पहिल्यांदा हसली. जगभरच्या तबेल्यांत हेच वापरतात, खुराच्या मापाला याहून बरं काही मिळत नाही. डॉक्टरांनी धनुर्वाताची लस टोचली, कारण घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं दुसरं जनावर क्वचितच असेल, आणि खुराची जखम ही त्याची नेहमीची वाट. प्रतिजैविक दिलं नाही. कोंडलेला पू निघाल्याशिवाय त्याचा उपयोग होत नाही.

दुपार लांबली. मालकीण ठाणाबाहेर वैरणीच्या भाऱ्यावर बसून राहिली. मामांनी तिला चहा आणून दिला आणि रात्रपाळीत जागवलेल्या घोड्यांच्या गोष्टी सांगत बसले. एका रात्री पोटशुळाने लोळणाऱ्या घोड्याला पहाटेपर्यंत फिरवलं होतं, ती एक. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटात अडकलं ते पुढेच सरकावं लागतं, आणि लीद पडली की तबेल्यात पेढे वाटावेसे वाटतात. ती मन लावून ऐकत होती. घोडा दुसऱ्याच्या तबेल्यात ठेवणाऱ्याला हे सगळं एरवी कळत नाही. त्याला रविवारचा चकचकीत खरारा केलेला घोडा दिसतो.

साडेपाचला पोटीस बदलायला घेतलं. चिकटपट्टी कापून डायपर सोडवलं, तर ते आतून करडं-काळं भिजलेलं. मामांनी खूर उचलून धरला, डॉक्टरांनी त्या काळ्या भोकाशेजारी अंगठ्याने दाबलं, आणि पातळ काळी धार थेट त्यांच्या शर्टावर उडाली. घाण इतकी की जवळ उभं राहववेना. आम्ही सगळे तिथेच उभे राहिलो. डॉक्टर तर इतके खूश की शर्टाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

दाब सुटला. मामांनी खूर सोडला. मैनेने तो हवेत धरला, मग टोक टेकवलं, मग थांबली. थोड्या वेळाने टाच खाली आली. तिने हळूच अंग उजवीकडे झुकवलं आणि पहाटेपासून पहिल्यांदा डाव्या पायाला विसावा दिला. मग लांब श्वास सोडून खालचा ओठ सैल टाकला.

मालकीण तिच्या मानेत तोंड खुपसून रडली. मामा दुसरीकडे बघत दोरी गुंडाळत राहिले. माझेही डोळे भरले, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. वेदनाशामक आता दिलं. एक्स-रेवाल्यांना डॉक्टरांनी फोन करून नको म्हणून कळवलं.

पुढचे काही दिवस रोजचं धुणं, पोटीस, कोरडा भुसा. पू थांबल्यावर भोकात आयोडीन लावलेला कापूस. भोक भरून येत नाही, खुराबरोबर पुढे सरकत शेवटी कापलं जातं. खूर महिन्याला सेंटीमीटरभरसुद्धा वाढत नाही, त्यामुळे याला धीर लागतो. नाल परत कधी ठोकायची यावरून डॉक्टर आणि चाचांची चांगलीच जुंपली. डॉक्टरांना तळवा पातळ म्हणून लवकर हवी होती, खाली पॅड घालून. चाचांचं म्हणणं, पावसात पॅडखाली ओल कोंडते, सडतं, आणि मग पुन्हा मलाच बोलावणार. दोघांचंही बरोबर होतं. निर्णय मालकिणीने घेतला. तोवर ती बरंच शिकली होती आणि दोघांना नेमके प्रश्न विचारत होती. पावसाळा संपेपर्यंत मैना नालेशिवाय, भुशावर आणि मऊ रिंगणात. मुरुमाच्या वाटेने न्यायचं नाही. नाल दसऱ्यानंतर.

त्याप्रमाणेच झालं. दसऱ्यानंतर चाचांनी चारही नाला ठोकल्या आणि मालकिणीने मैनेला टेकडीच्या कच्च्या रस्त्यावर दुडक्या चालीने नेली. परत आल्यावर खोगीर उतरवायच्या आधी तिने उजवा खूर उचलला, खुरचणीने माती काढली, पांढरी रेघ बोटाने तपासली आणि मामांना बोलावून विचारलं, "मामा, हा इथला डाग बघा, जुनाच आहे ना?"

जुनाच होता.