मसलबरा: स्टेशनवर उतरू नका

भाचा एडिनबर्गला शिकतो. त्यानं सांगितलं, "मामा, इथून जवळच्या मसलबरा गावचा गोल्फ कोर्स समुद्रकाठी आहे, स्वस्त आहे आणि स्टेशनपासून जवळ आहे." तीनपैकी एकच गोष्ट खरी निघाली. स्वस्त आहे.

आधी स्टेशनचं सांगतो, कारण पाय अजून दुखतात. एडिनबर्गच्या वेव्हर्ली स्टेशनहून गाडीनं काही मिनिटांत मसलबरा येतं. स्टेशनला गावाचं नाव असलं तरी ते गावाच्या पश्चिमेच्या टोकाला, आणि कोर्स पूर्वेला. वर मोबाइलनं आम्हाला नेलं भलत्याच क्लबात. मसलबराच्या नावानं गोल्फचे कोर्स एकापेक्षा जास्त आहेत हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. तिथल्या माणसानं नम्रपणे हसून एस्क नदीपलीकडे बोट दाखवलं. मग खांद्यावर बॅगा, समोरून वारा आणि अडीच-तीन किलोमीटर डांबरी रस्ता. सोबत आलेले दाजी म्हणाले, "पाव्हणं, एवढ्यात रंकाळ्याला चक्कर झाली असती." तुम्ही तसं करू नका. प्रिन्सेस स्ट्रीटवरून २६ नंबरची बस धरा, रेसकोर्सपाशी उतरा. परत येताना आम्ही तसंच आलो, अक्कल आल्यावर.

गोल्फच्या काठ्यांच्या बॅगा कोल्हापुरातून नेल्या हा दुसरा गाढवपणा. विमानवाल्यांनी 'आकार मोठा' म्हणून जे पैसे काढले त्यात इथं कितीतरी वेळा खेळून झालं असतं. जुन्या पद्धतीच्या लाकडी दांड्यांच्या हिकरी काठ्या तिथं भाड्यानं मिळतात, आधी विचारून घ्या. बूट आणि वारा अडवणारं जाकीट मात्र घरचंच न्या. जूनमध्ये गेलो होतो तरी बोटं आखडत होती.

आता कोर्स. आमच्याकडे रेसकोर्स नाका नुसता नावाला आहे, घोडा मी तिथं कधी बघितला नाही. इथं खऱ्या रेसकोर्सच्या पोटात नऊ होल आहेत. घोड्यांच्या धावपट्टीचे पांढरे कठडे अध्येमध्ये येतात, आणि शर्यतीच्या दिवशी खेळ बंद. तारखा बघितल्याशिवाय तिकीट काढलंत तर दोष तुमचा.

१६७२ साली इथं गोल्फ खेळल्याची नोंद आहे. १८७४ ते १८८९ या काळात ब्रिटिश ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा इथं सहा वेळा झाली. मग स्पर्धा चालवणारा क्लब म्युअरफील्डच्या कोर्सवर गेला आणि मोठी माणसं इकडं फिरकायची बंद झाली. म्हणूनच तर आपल्यासारख्यांना परवडतं. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सला हंगामात माणशी तीनशे पौंडांच्या वर मोजावे लागतात, शिवाय नंबर लागायला नशीब पाहिजे. इथं जे घेतलं त्यात एडिनबर्गात दोघांचं नीट जेवणही होत नाही.

मी फाउंड्रीतला माणूस, खिशात टेप असतोच. पहिल्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या तासलेल्या गवतावर, वाकून होल मोजलं: सव्वाचार इंच, १०८ मिलिमीटर. जगभर हेच माप आहे, आणि ते इथूनच गेलं. १८२९ मध्ये इथं होल पाडायचं कटर केलं होतं, त्याचं माप १८९१ मध्ये नियम झालं. शिरोलीत आम्ही गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवर टॉलरन्ससाठी, म्हणजे मापातल्या सुटीसाठी, भांडतो, इथं एका गावठी कटरनं सगळ्या जगाचं ड्रॉइंग ठरवलं! मागचे लोक खोळंबले होते म्हणून टेप गुंडाळला, नाहीतर नऊच्या नऊ मोजली असती.

दुसऱ्या होलचं नाव ग्रेव्हज. १५४७ च्या पिंकीच्या लढाईतले सैनिक तिथं पुरलेत असं सांगतात. चौथं मिसेस फोरमन्स, तिथल्या गुत्त्याच्या नावावरून. पाचवं सी होल. तिथं टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, उभं राहून दाजींनी चारी बाजूंनी बघितलं. "समुद्र कुठाय?" समुद्र होता, पण मध्ये वीजकेंद्राची राख टाकून जमीन केलीय, त्यामुळं तो पार लांब सरकलाय. वास येतो, वारा येतो, पाणी दिसत नाही. फोटोसाठी जाणार असाल तर जाऊ नका. वारा मात्र समुद्राचाच, त्यानं माझे दोन चेंडू खाल्ले.

जमीन सपाट आहे, त्यामुळं गुडघे दुखणाऱ्यांना चालेल. गवत आखूड, खाली कडक, चेंडू पडला की पळतो. उंच मारायची हौस घरी ठेवा आणि जमिनीलगत सरपटवा. हे मला सातव्या होलला कळलं. उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा दुपारची घाई नको, संध्याकाळी जा.

एडिनबर्गचे बाकीचे चार दिवस चांगले गेले. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

शेवटच्या ग्रीनवर दाजींनी चेंडू होलात ढकलायला सहा पट, म्हणजे सहा हलके फटके, घातले. लिहू नका म्हणालेत.