लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने विम्बल्डन कुठे पाहावे

जून उजाडला की लंडनमध्ये नव्याने आलेले मराठी विद्यार्थी आणि नोकरदार हमखास विचारतात की विम्बल्डन पाहायचे कुठे. भारतात स्टार स्पोर्ट्स लावले की काम भागत असे. येथे मात्र तिकडचे सदस्यत्व उपयोगी पडत नाही, कारण प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक निरनिराळ्या कंपन्यांना विकले जातात आणि ते त्या त्या देशाच्या हद्दीपुरतेच लागू असतात. अमेरिकेत हे हक्क ईएसपीएनकडे आहेत, तर जर्मनी आणि ऑस्ट्रियात २०२४ पासून प्राइम व्हिडिओकडे. ब्रिटनमध्ये राहणारे आपण या बाबतीत भाग्यवान आहोत, कारण येथे ही स्पर्धा बीबीसीवर दिसते.

बीबीसी १९३७ पासून विम्बल्डन दूरचित्रवाणीवर दाखवत आहे आणि ब्रिटनमधील रंगीत प्रक्षेपणाची सुरुवातही १ जुलै १९६७ रोजी विम्बल्डनच्याच सामन्यांनी झाली. एकेरीचे अंतिम सामने राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडाप्रसंगांच्या यादीत असल्यामुळे ते केवळ पैसे भरणाऱ्या ग्राहकांसाठी राखून ठेवता येत नाहीत. सामान्य प्रेक्षकाचा खेळावरील हक्क कायद्याने मान्य करणारी ही तरतूद मला फार मोलाची वाटते.

तथापि बीबीसी फुकट आहे, असे समजून कोणी बेसावध राहू नये. कोणत्याही वाहिनीचे थेट प्रक्षेपण पाहण्यासाठी टीव्ही लायसन्स लागते आणि २०१६ च्या सप्टेंबरपासून बीबीसीच्या आयप्लेअर या ऑनलाइन सेवेवर आधीचे कार्यक्रम पाहण्यासाठीही ते आवश्यक झाले आहे, मग तुम्ही टीव्हीवर पाहा, लॅपटॉपवर पाहा किंवा फोनवर. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याचे वार्षिक शुल्क १७४.५० पौंड झाले. घर सर्वांनी मिळून एकाच करारावर भाड्याने घेतले असेल, तर साधारणपणे एक लायसन्स पुरते; प्रत्येक खोलीचा करार वेगळा असेल, तर आपल्या खोलीत सामने पाहणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्र लायसन्स घ्यावे लागते. घरात राहायला जातानाच करार नीट वाचून हे ठरवून टाकावे.

आता माझ्या दृष्टीने खरा मुद्दा. आपल्याला कोणाचा खेळ पाहायचा आहे, यावर तो कुठे पाहावा हे अवलंबून असते. भारतीयांचे विम्बल्डनमधील मोठे यश प्रामुख्याने दुहेरीतले आहे. १९९९ मध्ये लिअँडर पेस आणि महेश भूपती यांनी पुरुष दुहेरी जिंकली. २०१५ मध्ये मार्टिना हिंगिसच्या साथीने सानिया मिर्झाने महिला दुहेरी आणि पेसने मिश्र दुहेरी जिंकली, आणि त्याच वर्षी सुमित नागल मुलांच्या दुहेरीचा विजेता ठरला. पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र ओपनचे जेतेपद दोनदा मिळवणारा रोहन बोपण्णा येथे पुरुष दुहेरीच्या उपांत्य फेरीपर्यंत तीनदा पोहोचला. दुहेरीचे सुरुवातीच्या फेऱ्यांचे सामने बहुधा लहान कोर्टांवर होतात आणि टीव्हीच्या मुख्य वाहिन्यांवर त्यांची जेमतेम झलक दिसते. म्हणून घरी बसून पाहायचे असेल, तर टीव्हीवरील वाहिनीऐवजी आयप्लेअर उघडावे. तेथे अठरापर्यंत कोर्टांवरील खेळ स्वतंत्रपणे निवडता येतो.

त्याहून उत्तम जागा म्हणजे प्रत्यक्ष मैदान. तिकिटांची सोडत लागली नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही, कारण रोज रांगेत उभे राहून तिकीट घेण्याची सोय विम्बल्डनने आजवर जपली आहे. त्यासाठी विम्बल्डन स्टेशनवर न जाता डिस्ट्रिक्ट लाइनवरील साउथफील्ड्सला उतरावे आणि विम्बल्डन पार्कच्या दिशेने चालावे. तेथे गेल्यावर तारीख आणि क्रमांक असलेले कार्ड हाती मिळते; ते जपून ठेवावे आणि रांग सोडून फार वेळ दूर जाऊ नये. मोठ्या कोर्टांची मोजकी तिकिटे हवी असणारे आदल्या दिवसापासूनच तंबू ठोकून बसतात, पण ज्याला दुहेरी पाहायची आहे त्याला तेवढा खटाटोप करण्याची गरज नाही. २०२५ मध्ये ३० पौंडांना मिळणारा ग्राउंड पास घेतला की तीन ते अठरा क्रमांकांच्या कोर्टांवरील राखीव नसलेल्या जागांवर बसता येते. खेळाडू इतके जवळ असतात की सर्व्हिसपूर्वी जोडीदारांनी पाठीमागे हात धरून केलेल्या खुणाही दिसतात, आणि जाळ्याजवळच्या झटपट व्हॉली पाहताना दुहेरी हा एकेरीपेक्षा किती निराळा खेळ आहे, हे ध्यानात येते.

लहान कोर्टांवरील खेळ सकाळी अकराला सुरू होतो, सेंटर कोर्टवरचा दुपारी दीडला. पहिल्या आठवड्यातला बुधवार ते शनिवार हा काळ दुहेरीसाठी मला सर्वांत योग्य वाटतो. दुपारनंतर विम्बल्डनच्या ॲपवरून पुनर्विक्रीच्या रांगेतही नाव नोंदवावे. लवकर परतणाऱ्या प्रेक्षकांची सेंटर कोर्टची तिकिटे तेथे अल्प किमतीत मिळतात आणि ती रक्कम धर्मादाय कामाला जाते.

अंतिम सामने मात्र मी घरीच पाहतो. २०२५ पासून एकेरीच्या अंतिम सामन्याची वेळ दुपारी चार झाली आहे. तेव्हा महाराष्ट्रात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, त्यामुळे तिकडच्या घरच्यांशी फोनवर बोलत सामना पाहणे सोयीचे होते. दोन्हीकडचे प्रक्षेपण मागेपुढे असते, म्हणून गुण संपेपर्यंत कोणी काही बोलायचे नाही, एवढे आधी ठरवून घ्यावे. आणि टीव्ही चार वाजता लावू नये, दुपारी एक वाजताच लावावा: शनिवारी महिलांच्या एकेरीआधी पुरुष दुहेरीचा आणि रविवारी पुरुषांच्या एकेरीआधी महिला दुहेरीचा अंतिम सामना असतो.