पुष्पप्रदर्शनाची रोजनिशी: नव्या रचनाकाराने बादल्यांपासून सुरुवात करावी

मांडणीला दोन दिवस

नव्या स्वयंसेवकांची पथकं आज ठरली. पुष्परचना शिकून आलेल्या प्रत्येकाला मोठ्या कमानीवर काम हवं असतं आणि हातात येतात बादल्या. यात अन्याय काही नाही. प्रदर्शनातली रचना तीन-चार दिवस टिकायला हवी, आणि ती टिकणार की माना टाकणार हे बादलीतच ठरतं.

बादल्या ब्लीच घातलेल्या पाण्याने घासायच्या आणि नीट खळबळून घ्यायच्या. बादलीच्या आतल्या बाजूला बोट फिरवून बुळबुळीत लागलं, तर ती पुन्हा घासायला. त्या थरातले जिवाणू देठाच्या नळ्या बुजवतात, मग फूल पाण्यात उभं असूनही तहानलेलं राहतं. गुलाब आणि जरबेरा यांची मान मोडते ती बहुतेक वेळा यामुळेच.

देठाचा खालचा दोन-तीन सेंटिमीटर भाग धारदार सुरीने तिरका कापायचा. बोथट कात्रीने देठ चेपतो. पाण्याखाली येणारी सगळी पानं काढायची, एकही ठेवायचं नाही. पाणी कोमट, साधारण 40 अंशांचं. त्यात विरघळलेली हवा कमी असते आणि देठ ते लवकर ओढतो. मग बादल्या अंधाऱ्या, गार जागी, वाऱ्याच्या झोतापासून दूर, शक्यतो रात्रभर. लाकडी देठ हातोडीने ठेचायचा सल्ला अजून ऐकू येतो. तो सोडून द्यावा. ठेचलेल्या भागातून पाणी चढत नाही आणि तो आधी सडतो.

बाकी प्रत्येक फुलाची तऱ्हा वेगळी. जरबेराला उथळ पाणी, पाच-सहा सेंटिमीटर पुरे, कारण त्याचा लवदार देठ खोल पाण्यात कुजतो. पॉइन्सेटियासारख्या चीक येणाऱ्या देठाचं टोक काही सेकंद ज्योतीवर धरायचं. डेल्फिनियमचा देठ पोकळ असतो. तो उलटा धरून पाण्याने भरायचा आणि कापसाचा बोळा लावायचा. डॅफोडिलचा बुळबुळीत रस इतर फुलांना बाधतो, म्हणून त्याला रात्रभर वेगळी बादली द्यायची आणि नंतर देठ पुन्हा कापायचा नाही. कापला की रस परत सुरू. ग्लॅडिओलस आडवा ठेवला तर काही तासांत शेंडा वर वळतो आणि तो बाक जात नाही. गाडीतसुद्धा तो उभाच न्यावा. अँथुरियम आणि बऱ्याच ऑर्किडांना शीतगृह मानवत नाही, पाकळ्या काळवंडतात. फळांची टोपली फुलांच्या खोलीत नको. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि कार्नेशन त्याने मिटून जातं.

मान टाकलेला गुलाब लगेच फेकू नये. देठ पाण्याखाली पुन्हा कापून अख्खं फूल तासभर पाण्यात आडवं बुडवून ठेवलं, तर पुष्कळदा सरळ होतं. झालं नाही तर मात्र हळहळायचं नाही.

मांडणीच्या आदली संध्याकाळ

स्पर्धेची नियमपत्रिका. ती वाचायची, मग पेन घेऊन पुन्हा वाचायची. वर्गाचं शीर्षक, जागेची रुंदी, खोली, उंची, पार्श्वभूमीचा रंग, कृत्रिम फुलं चालतात का, रंगवलेली ताजी पानं चालतात का, फळं चालतात का. ‘नियमानुसार नाही’ असा शेरा मिळाला की रचना कितीही देखणी असली तरी बक्षिसाच्या बाहेर. सगळ्यात जास्त बळी जातात ते मापांत. दिलेली जागा 60 सेंटिमीटर रुंद असेल तर रचना 60 सेंटिमीटरची करायची नसते. दोन्ही बाजूंना हवा लागते. सरावासाठी जमिनीवर आणि भिंतीवर चिकटपट्टीने तेवढीच चौकट आखून आत काम करावं, कडेला किमान पाच सेंटिमीटर मोकळे ठेवावेत. ट्यूलिप वापरणाऱ्यांनी आणखी जास्त. कापल्यावरही तो काही सेंटिमीटर वाढतो आणि उजेडाकडे झुकतो, त्यामुळे संध्याकाळी चौकटीत बसलेली रचना सकाळी बाहेर डोकावते.

रंगही सभागृहातल्या दिव्यांखाली पाहावा. पिवळसर प्रकाशात जांभळा आणि गडद निळा मागे सरतात, पुढच्या रांगेतूनही तिथे नुसती पोकळी दिसते. फिकट पिवळा, पांढरा, मोतिया हे लांबून उठतात.

पेटीत सिकेटर (फांद्या छाटायची कात्री), सुरी, तारा (जाड 18 पासून बारीक 28 क्रमांकापर्यंत; आकडा वाढतो तशी तार बारीक), फ्लोरल टेप (तारा आणि देठांवर गुंडाळायची पट्टी), कापूस, ब्रश, छोटी झारी, मापपट्टी. टेप ताणल्याशिवाय चिकटत नाही, नवखे ती नुसती गुंडाळतात. हिरव्या मुठीच्या कात्रीला लाल पट्टी लावावी, नाहीतर ती पानांच्या कचऱ्यातून थेट कंपोस्टमध्ये जाते.

मांडणी

देठ खोचायच्या हिरव्या स्पंजवर, म्हणजे फ्लोरल फोमवर, बराच वाद चालतो. ब्रिटनमधल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या बागकाम संस्थेने 2021 पासून आपल्या प्रदर्शनांत त्यावर बंदी घातली, कारण तो प्लास्टिकच आहे आणि त्याचा चुरा कुजत नाही. आपल्याला ही दिशा पटते. तरी जिथे तो चालतो तिथे निदान नीट भिजवावा. स्पंजची वीट पाण्यावर सोडायची आणि आपणहून बुडू द्यायची, मिनिटभर लागतं. हाताने दाबली की बाहेरून ओली आणि आत कोरडी राहते. त्या कोरड्या गाभ्यात खोचलेला देठ दुसऱ्या दिवशी सुकतो आणि दोष फुलाला लागतो. 23 × 11 × 8 सेंटिमीटरची वीट जवळपास दोन लिटर पाणी धरते, म्हणजे दोन किलो वजन. स्टँड तेवढा भार पेलेल का ते आधी पाहावं. देठ एकदाच खोचायचा. थोडा मागे ओढला तर टोकाखाली पोकळी राहते आणि पाणी तुटतं.

स्पंजाऐवजी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी: पाच सेंटिमीटर भोकांची, सैल चुरगाळून तीन-चार थर होतील अशी, भांड्याच्या काठाला टेपने बांधलेली. देठ किमान दोन थरांतून गेला तरच हलत नाही. उथळ भांड्यात पिनहोल्डर, म्हणजे उभ्या टोकदार पिनांची जड बैठक. लाकडी फांदी तिरकी कापून उभी टोचायची आणि मग हवी तेवढी कलवायची. बारीक देठ दोन-तीन एकत्र बांधून टोचायचे. पिना पूर्ण पाण्याखाली हव्यात.

आधी पानांनी उंची आणि रुंदी ठरवायची, मग मुख्य फुलं, भरणा शेवटी. मागची बाजू मोकळी ठेवण्याची खोड नवख्यांत फार. सगळं वजन पुढे येतं आणि उंच स्टँडवरची रचना रात्रीत पुढे कलते. दोन जाड फांद्या मागे झुकवून घातल्या की तोल सावरतो आणि बाजूने पाहताना रचना कापल्यासारखी सपाट दिसत नाही.

लिलीचे परागकोश कळी उमलताच चिमटीने काढावेत. पराग कापडावर पडले तर ओल्या फडक्याने पुसू नयेत, डाग पक्का बसतो, चिकटपट्टीने उचलावेत. पाण्याचा फवारा रचना जागेवर आणण्याआधीच मारून घ्यावा. मागच्या कागदावर पाण्याचे ठिपके उमटले तर दुरुस्ती नाही.

परीक्षण आणि पुढचे दिवस

परीक्षकांबरोबर नोंदी घेणाऱ्याने बोलायचं नाही. ही रचना कुणाची, हे चेहऱ्यावरही दिसू नये.

दालन उघडण्याआधी तासभर पाण्याची फेरी. लांब नळीची झारी, हातात पुसायचा साधा स्पंज, कारण थेंब टेबलावर पडणारच. स्पंजच्या रचनेला पहिल्या चोवीस तासांत सर्वात जास्त पाणी लागतं. दिव्याखालच्या आणि वातानुकूलन यंत्राच्या झोतातल्या रचना आधी. सुकलेलं फूल बदलायचं की नाही ते नियमपत्रिका सांगेल. स्पर्धकाच्या रचनेत पाण्याखेरीज हात घालायचा नाही.

आवराआवर

तारा वेगळ्या, पानं-फुलं कंपोस्टला, स्पंज कोरड्या कचऱ्यात. त्याचं पाणी नाल्यात ओतायचं नाही, दाट कापडातून गाळायचं. पिनहोल्डरच्या वाकलेल्या पिना सरळ करून तो उलटा वाळवावा. बादल्या धुऊन पूर्ण कोरड्या झाल्यावरच एकात एक रचाव्यात. ओल्या रचल्या तर पुढच्या वेळी दोघांना धरून ओढाव्या लागतात.