तिरका केला की सुरू होतो

अमेरिकेत कुणाकडे न सांगता जायचं नसतं, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. आधी मेसेज, मग तारीख, मग वेळ, आणि त्या वेळेला हातात काहीतरी घेऊन दारात उभं राहायचं. ‘काही नाही, सहज आलो होतो’ हे वाक्य इथे चालत नाही. अपवाद एकच. गॅरेजचं दार वर गेलेलं असावं, आत एखादं यंत्र बॉनेट उघडं टाकून पडलेलं असावं आणि शेजारी एक माणूस कमरेवर हात ठेवून उभा असावा. मग कुणीही सरळ आत येतं.

माझ्याकडे पहिला माणूस असाच आला. विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहराच्या उत्तरेला आम्ही घर घेतलं, त्याच्या मागच्या शेडमध्ये एक लाल ट्रॅक्टर फुकट मिळाला. फुकट म्हणजे, आधीच्या मालकाला तो हलवता येत नव्हता. व्हील हॉर्स सी-81, 1970च्या दशकाच्या अखेरचा, आठ घोड्यांचं एका सिलिंडरचं बिडाचं इंजिन. उंची माझ्या कमरेएवढी. आपल्या डोळ्यांपुढे जो ट्रॅक्टर असतो, त्याचा हा बारशाला आलेला पुतण्या वाटावा. पण खेळणं नव्हे. तीनेकशे किलोचं धूड आहे आणि पायाच्या अंगठ्यावर चाक गेलं की हसू येत नाही.

मेमधली शनिवारची सकाळ. मी सहा-सात वेळा सेल्फ मारला होता. इंजिन घरघरायचं, पेटायचं नाही. रस्त्यापलीकडून सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ चालत आले. ‘हॅलो’ नाही, नाव नाही, हवापाणी नाही. विचारलं ते एवढंच, “स्पार्क येतोय का?”

मला माहीत नव्हतं. त्यांनी इंजिनाच्या कुशीतल्या एका लहानशा झाकणाचे स्क्रू काढले. आत कॉन्टॅक्ट पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारी धातूची जोडी! मी जवळजवळ ओरडलोच. माझ्या वडिलांच्या चेतकमध्ये हेच असायचे, आणि आमच्या पेठेतला मेकॅनिक दर दोन महिन्यांनी “पॉइंट गेलेत” म्हणून पैसे घ्यायचा. एवढ्या वर्षांनी, सात समुद्रांपलीकडे, ओळखीचं कुणी भेटलं तर ते हे.

“कार्ड आहे का?” त्यांनी विचारलं. मला वाटलं, आता रीतसर ओळख होणार. घरात जाऊन ऑफिसचं व्हिजिटिंग कार्ड आणलं. त्यांनी ते न वाचता उभं फाडलं, एक पट्टी पॉइंटच्या फटीत घातली आणि हळूच ओढली. पांढऱ्या कार्डावर काळी रेघ उठली. पुन्हा ओढली, रेघ फिकी झाली. तिसऱ्यांदा स्वच्छ. माझ्या नोकरीच्या काळात त्या कार्डाचा याहून चांगला उपयोग झालेला नाही. मग खिशातून फट मोजायचं फिलर गेज निघालं (शनिवारी सकाळी खिशात फिलर गेज घेऊन फिरणारा माणूस काय योग्यतेचा असेल, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं) आणि फट वीस हजारांश इंचावर आली. म्हणजे अर्धा मिलिमीटर. ट्रॅक्टर दुसऱ्या सेल्फला लागला. गॅरेजभर निळा धूर. बायको वरच्या खिडकीतून, “अहो, काय पेटलंय?”

एवढं झाल्यावर ते गृहस्थ घरी जातील असं मला वाटलं. ते दोन तासांनी गेले.

वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची इथे रीत. माझी जीभ अजून त्याला वळत नाही. तोंडावर मी नाव घेतो आणि घरी आम्ही त्यांना बोलेन्सकाका म्हणतो, कारण त्यांच्याकडे बोलेन्सचे पाच ट्रॅक्टर आहेत. त्यांच्यामागून कबकाका आले, ते पिवळ्या-पांढऱ्या कब कॅडेटवाले. मग जॉन डिअरच्या ट्रॅक्टरांचे डिअरवाले. ते माझ्याच वयाचे, म्हणून काका नाहीत. आपल्याकडे नाही का गिरणीवाले, बंबवाले, सायकलवाले असत? खरं आडनाव शेवटपर्यंत कुणाला ठाऊक नसतं आणि कुणाचं काही अडतही नाही.

आम्ही राहतो तो मुलूख म्हणजे या छोट्या ट्रॅक्टरांची पंढरीच. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन माणूस शहराबाहेर अर्धा-एक एकर घेऊन राहू लागला. गवत कापायचं, परसात चार वाफे करायचे, हिवाळ्यात बर्फ ढकलायचा. या सगळ्याला मोठा ट्रॅक्टर फार आणि हातयंत्र अपुरं. मधली जागा यांनी भरली. मिशिगन सरोवराकाठच्या पोर्ट वॉशिंग्टन या लहानशा गावात बोलेन्स आणि सिम्प्लिसिटी असे दोन-दोन कारखाने होते, आणि तिथली भावकी विचारू नका. दोन्ही कारखाने केव्हाच गेले, भावकी शिल्लक आहे. पश्चिमेला हॉरिकॉन. तिथून 1963 साली जॉन डिअरचा 110 निघाला. उत्तरेला कोहलर गाव आणि त्याच नावाची कंपनी. यांतल्या कितीतरी ट्रॅक्टरांच्या पोटात जे इंजिन असतं ते या कोहलरचं. मूळचा धंदा बिडाच्या ओतकामाचा. 1883मध्ये त्यांनी जनावरांच्या पाण्याच्या हौदाला इनॅमलचा मुलामा दिला, खाली चार पाय लावले की हाच बाथटब, असं म्हणून विकला आणि न्हाणीघरांच्या धंद्यात पडले ते कायमचे. माझ्या भावाच्या बाणेरच्या नव्या फ्लॅटमध्ये नळ कोहलरचा आहे. तो फोनवर त्याची किंमत सांगतो, मी माझं इंजिन ऐकवतो.

माझा लाल घोडा मात्र परगावचा. व्हील हॉर्स इंडियानातल्या साउथ बेंडची. पाँड बापलेकांनी 1946मध्ये घरच्या गॅरेजमधून सुरू केलेला उद्योग. गाडीला घोड्यांच्या दोन-तीन जोड्या जुंपल्या की चाकाला सगळ्यांत जवळचा, खरं ओझं पेलणारा जो घोडा, तो व्हील हॉर्स. हे नाव मला फार आवडतं. बोलेन्सकाकांना आवडत नाही. ट्रॅक्टर परराज्यातला आणि मालक परदेशातला, म्हणून “तुम्ही दोघं उपरे” असं ते मला वर्षातून चार-पाचदा ऐकवतात.

एकमेकांच्या यंत्राला नावं ठेवणं हा या मंडळींचा नाश्ता आहे. कबकाकांच्या ट्रॅक्टरला इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत पट्टा नाही, थेट शाफ्ट आहे. म्हणून पट्टेवाल्या आम्हा सर्वांकडे ते शाकाहारी माणूस अंडं खाणाऱ्याकडे बघतो तसं बघतात. डिअरवाल्यांचं दुखणं वेगळं. हिरवा रंग दिसला की भंगारातल्या सीटचाही भाव दुप्पट होतो. आणि 1969मध्ये याच कंपनीने पांढऱ्या अंगाचे, बॉनेट नि सीट पिवळं, लाल, नारिंगी किंवा निळं असे ट्रॅक्टर काढले होते, ते त्यांना हवे आहेत. त्यातलं निळं बॉनेट हे त्यांचं आयुष्यातलं उरलेलं एकच स्वप्न. मुलीचं कॉलेज दुसरं.

त्या निळ्या बॉनेटसाठी आम्ही एकदा साडेतीन तास गाडी हाकत गेलो. फोटोत निळं दिसत होतं. तिथे पोचल्यावर लक्षात आलं की मालकाने स्वतःच घरच्या रंगाने ते रंगवलेलं, बहुधा पोरांच्या खोलीतला उरलेला डबा. डिअरवाले नखाने जरा खरवडून बघत राहिले. खाली हिरवा. तरी रिकाम्या हाताने परत यायचं नसतं, या तत्त्वावर आम्ही दोन चाकं, एक नांगर आणि कुणालाच ओळखता न आलेला एक लोखंडी भाग घेऊन आलो. तो भाग अजून माझ्या गॅरेजमध्ये आहे. येणारा प्रत्येक जण तो उचलतो, वजन बघतो, “हं” म्हणतो आणि ठेवतो.

तर तिरका करण्याची गोष्ट. एकदा पुन्हा चेतकचं नाव निघालं तेव्हा मी या तिघांना सांगितलं होतं की आमच्याकडे स्कूटर सुरू होत नसली की आधी ती आडवी करतात, क्षणभर तशीच धरतात, मग सरळ करून किक मारतात. तिघांनी गंभीरपणे ऐकलं. कबकाकांनी विचारलं, “किती अंश?” मी हाताने दाखवलं. त्यांनी मान डोलावली. आपली थट्टा चालली आहे की अभ्यास, हे इथल्या माणसांच्या चेहऱ्यावरून कधी कळत नाही.

पुढच्या जानेवारीत मी ट्रॅक्टरला पुढे पातं लावून बर्फ ढकलत होतो. चाकांना साखळ्या होत्या, पण रस्त्याच्या कडेचा उतार बर्फाखाली दिसला नाही आणि घोडा अलगद चरात उतरला. इंजिन बंद पडलं ते पडलंच. पारा शून्याखाली पंधरा. मी कुणालाही फोन केला नाही. दहा मिनिटांत तिघे हजर. खिडकीतून दिसलं असणार. पट्टे बांधून ट्रॅक्टर वर ओढला. स्पार्क होता, पेट्रोल होतं, सुरू व्हायला तयार नाही. बोलेन्सकाका म्हणाले, “तुझ्या स्कूटरचं ते काय?”

मी हसलो. ते हसले नाहीत. हातमोजे वर ओढले आणि ट्रॅक्टरच्या एका अंगाला जाऊन उभे राहिले. मग आम्ही चौघांनी, ज्यांतल्या दोघांच्या गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली आहेत, तो घोडा एका बाजूने उचलून कलता केला, दोन हिसके दिले आणि खाली ठेवला. सेल्फ मारला. पहिल्या फटक्यात सुरू.

कारण नंतर सापडलं. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणारी फ्लोटची सुई जुन्या पेट्रोलच्या राळेने चिकटली होती, हिसक्याने सुटली. पण कारण कुणाला हवं होतं? तेव्हापासून कबकाकांचा मिक्सर बिघडो, डिअरवाल्यांचं इंटरनेट जावो, आधी “तिरका करून पाहिलंस का?” हे विचारलं जातं. बोलेन्सकाकांना नातू झाला, तो तीन दिवस रडायचा थांबेना. त्यांनी मुलीला काय सल्ला दिला असेल ते सांगत नाही.

मान मिळाला आणि लगेच शरदात गेलाही. मक्याची कापणी झाली की एक शेतकरी आपल्या रानाचा तुकडा या मंडळींना नांगरायला देतो. पंचवीस-तीस चिमुकले ट्रॅक्टर, प्रत्येकाच्या मागे दहा-बारा इंचांचा एक फाळ, मागच्या चाकांना वजन म्हणून कुणी व्यायामशाळेतल्या तबकड्या बांधलेल्या. एक चाक आधीच्या तासात, म्हणजे नांगराने पाडलेल्या चरात, ठेवायचं. त्यामुळे ट्रॅक्टर कललेला, माणूसही कललेला आणि पुढची खूण न सोडता जायचं. माझे आजोबा हे बैलांनी करत, वडिलांनी ते पाहिलं होतं, मी फक्त ऐकलं होतं. एवढ्या पिढीजात भांडवलावर मी तास धरलं. माती पहिल्यांदा उलटली तेव्हा जो वास आला तो थेट आजोळच्या रानाचा होता. मान वळवून मागे बघत राहिलो आणि तेवढ्यात तास वाकडं गेलं. शेवटाला पोचून पाहिलं तर घाईत निघालेल्या सापाची वाट दिसत होती. कबकाका त्यांच्या शाफ्टवाल्या ट्रॅक्टरवरून खाली उतरले, माझ्या तासाच्या टोकाशी उभे राहिले, एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “पाणी साठून राहणार नाही.”

संध्याकाळी त्या शेतकऱ्याने आपला मोठा ट्रॅक्टर काढला आणि आमचं दिवसभराचं काम वीस मिनिटांत पुन्हा केलं. सगळ्यांनी कौतुकाने पाहिलं. कुणालाही काही वाटलं नाही.

गंज काढण्याचा उद्योगही मला यांनीच लावला. प्लास्टिकच्या बादलीत पाणी, त्यात धुण्याचा सोडा, गंजका भाग बॅटरी चार्जरच्या निगेटिव्हला, एक टाकाऊ लोखंडी पट्टी पॉझिटिव्हला. रात्रभरात गंज सुटतो, पाण्यावर तांबूस फेस येतो. तारा उलट्या लावल्या तर पट्टी सुखरूप राहते आणि आपला भाग झिजतो. हे मला सांगितलं गेलं होतं. मी तारा उलट्या लावल्या. सकाळी पातं धरणारा कोन हातात आला तो भाकरीच्या पापुद्र्यासारखा. तिघांनी तो उन्हाकडे धरून आळीपाळीने पाहिला आणि पुढचा शनिवार नवा कोन बनवण्यात गेला. कबकाकांनी तो कापला, डिअरवाल्यांनी वेल्डिंग केलं आणि बोलेन्सकाकांनी दोघांच्या चुका काढल्या. मी चहा केला. आलं घालून. आता त्यांना तो लागतो. कबकाका त्याला “ते तिखट” म्हणतात आणि दुसरा कप मागतात.

गेल्या वर्षी माझा घोडा नीट झाला. पॉइंट नवे, कार्ब्युरेटर साफ, कुठे गळती नाही, पंख्याच्या झाकणाखालचं उंदरांचं घरटंही काढून टाकलेलं. एका सेल्फला सुरू होतो. सलग तीन शनिवार कुणी आलं नाही. रस्त्यापलीकडून बोलेन्सकाकांनी हात केला, मीही केला. गवत वेळेत कापून झालं. दुपारी काय करायचं ते सुचेना.

चौथ्या शनिवारी मी गॅरेजचं दार वर केलं, ट्रॅक्टर बाहेर काढून बंद केला, बॉनेट उघडलं आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. पाच मिनिटंही झाली नसतील.

“काय झालं?”

“आवाज जरा वेगळा येतोय.”

बोलेन्सकाका वाकले. बंद इंजिनाला कान लावून त्यांनी बराच वेळ ऐकलं.

“येतोय खरा,” ते म्हणाले आणि स्टूल ओढून बसले. “ते तिखट ठेवलंयस का?”